अकरा वर्षांची मोकळी जागा : सोलापुरातील एका अभ्यासवर्गाविषयी

यंदाच्या मे महिन्यात सात रस्त्याजवळच्या एका अभ्यासिकेने बारावी विज्ञान शाखेच्या मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी तीन रविवारांचा अभ्यासवर्ग ठेवला होता. प्रयोगशाळेतून राष्ट्राच्या नेतृत्वापर्यंत पोहोचलेल्या शास्त्रज्ञांचा प्रवास, हा त्याचा विषय. शुल्क माणशी सहाशे रुपये आणि वेळ सकाळी आठ ते दहा. सोलापूरचा मे ज्यांनी काढला आहे त्यांना ही वेळ का, हे सांगायला नको. मी कनिष्ठ महाविद्यालयात तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले आणि माझ्या नातीने नुकतीच बारावीची परीक्षा दिली आहे, म्हणून आम्ही दोघांनीही नावे नोंदवली. अभ्यासिकेचे नाव येथे देत नाही, कारण लिहिण्यासारख्या काही तक्रारी आहेत आणि त्या मी संचालकांच्या कानावर समक्ष घातल्या आहेत.

पहिला रविवार निराशेचा गेला. आरंभीच प्रत्येकाला जर्मनीच्या माजी चॅन्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख, अँगेला मर्केल यांच्या आयुष्याचा एकपानी छापील तक्ता मिळाला. १९५४ साली हॅम्बुर्ग येथे जन्म, धर्मोपदेशक वडिलांबरोबर पूर्व जर्मनीत स्थलांतर, टेम्पलिन या छोट्या गावात बालपण, लाइपझिगच्या विद्यापीठात भौतिकशास्त्राचे शिक्षण, १९७८ साली पदवी. आणि त्याखालची ओळ एकदम १९८९, साम्यवादी पूर्व बर्लिनला पश्चिमेपासून तोडणारी बर्लिनची भिंत पडली. तेथून पुढे मंत्री, पक्षाध्यक्ष आणि चॅन्सेलर अशा पायऱ्या रंगीत बाणांनी जोडलेल्या होत्या. व्याख्याते तरुण होते, आवाज खणखणीत होता, परंतु ‘झेप’ हा शब्द त्यांनी इतक्या वेळा वापरला की शेजारच्या एका पालकांनी तो मोजायला घेतला. नातीने तक्त्यावर १९७८ आणि १९८९ यांच्या मधल्या कोऱ्या जागेत पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले आणि मला हळूच विचारले, “आजोबा, मधली अकरा वर्षं ह्या काय करत होत्या?” हाच प्रश्न तिने उभे राहून विचारला तेव्हा व्याख्याते क्षणभर थांबले आणि पुढच्या वेळी सांगतो म्हणाले. ते विसरतील असे मी धरून चाललो होतो.

ते विसरले नाहीत, आणि हा अभिप्राय लिहावासा वाटला तो त्यामुळेच. दुसऱ्या रविवारचे पहिले सव्वा तास त्यांनी केवळ त्या कोऱ्या जागेला दिले. पदवीनंतर मर्केल यांनी इल्मेनाऊ येथील तांत्रिक महाविद्यालयात अध्यापनाच्या जागेसाठी प्रयत्न केला. तेथे गुप्त पोलिसांसाठी सहकाऱ्यांच्या बातम्या पुरवाव्यात असे त्यांना सुचवण्यात आले, आणि आपल्या पोटात काही राहत नाही असे सांगून त्यांनी ती गोष्ट टाळली. ती जागाही मग मिळाली नाही. त्यानंतर पूर्व बर्लिनच्या अ‍ॅडलर्सहोफ भागातील विज्ञान अकादमीच्या भौतिक-रसायन संस्थेत त्या रुजू झाल्या आणि १९९० पर्यंत तेथेच राहिल्या. १९८६ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. साधा रासायनिक बंध तुटून रेणूचे विघटन होते, त्या क्रियेचे वेगस्थिरांक, म्हणजे ती किती वेगाने होते हे सांगणारे आकडे, क्वांटम रसायनाच्या पद्धतीने गणिताने काढता येतात का, असा त्या प्रबंधाचा रोख होता. व्याख्यात्यांनी फळ्यावर वेगस्थिरांकाचे ‘के’ हे अक्षर लिहिले तेव्हा पुढच्या दोन रांगांतील मुले एकदम सावरून बसली, कारण हाच ‘के’ त्यांनी दोन-तीन महिन्यांपूर्वी बोर्डाच्या पेपरात काढला होता. तीस वर्षे तो धडा शिकवूनही मला कधी हे सांगायचे सुचले नाही, याची थोडी खंत वाटली.

पुढे मात्र त्यांनी मर्केल यांच्या राजकीय वाटचालीला सक्रियण ऊर्जेची उपमा दिली, ती मला पटली नाही. रेणूला पुरेशी ऊर्जा मिळाली की तो उंबरठा ओलांडतो. माणसाच्या बाबतीत उंबरठाच कोणीतरी हलवलेला असतो. भिंत पडली तो दिवस, ९ नोव्हेंबर १९८९, गुरुवार होता आणि मर्केल दर गुरुवारच्या रिवाजाप्रमाणे मैत्रिणीबरोबर बाष्पस्नानाला गेल्या होत्या. भिंत त्यांनी पाडली नव्हती. खरी हुशारी दिसते ती त्यानंतरच्या वर्षभरात. नव्याने निघालेल्या ‘लोकशाही जागर’ अशा अर्थाच्या नावाच्या एका लहान गटात त्या शिरल्या आणि तेथे पश्चिमेकडून आलेले संगणक जोडून देण्यासारखी कामे त्यांनी विनातक्रार केली. १९९० च्या वसंतात पूर्व जर्मनीच्या अखेरच्या सरकारच्या त्या उपप्रवक्त्या झाल्या, डिसेंबरमध्ये एकत्रित जर्मनीच्या संसदेवर निवडून आल्या आणि जानेवारी १९९१ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, तेव्हाचे चॅन्सेलर हेल्मुट कोल यांच्या मंत्रिमंडळात महिला व युवक खात्याच्या मंत्री झाल्या. १९९४ साली पर्यावरण खाते आले आणि पुढच्याच वर्षी बर्लिनमध्ये भरलेल्या, संयुक्त राष्ट्रांच्या हवामान करारातील देशांच्या पहिल्या परिषदेचे अध्यक्षपदही.

येथून व्याख्यान खरोखर रंगले. कोल आणि मर्केल यांच्या ख्रिश्चन डेमोक्रॅटिक पक्षाच्या देणग्यांचे प्रकरण उघडकीस आल्यावर, डिसेंबर १९९९ मध्ये, ज्या कोल यांनी वर आणले त्यांच्यापासून पक्षाने आता दूर व्हावे असा लेख मर्केल यांनी एका मोठ्या दैनिकात लिहिला. चार महिन्यांत त्या पक्षाध्यक्ष झाल्या. याउलट २००२ च्या निवडणुकीत चॅन्सेलरपदाची उमेदवारी त्यांनी बव्हेरिया राज्याचे मुख्यमंत्री एडमुंड श्टॉइबर यांना स्वतः त्यांच्या घरी न्याहारीला जाऊन देऊ केली. श्टॉइबर थोडक्यात हरले, आणि २२ नोव्हेंबर २००५ रोजी मर्केल चॅन्सेलर झाल्या. ८ डिसेंबर २०२१ पर्यंत राहिल्या. केव्हा घाव घालायचा आणि केव्हा हात मागे घ्यायचा, या दोन प्रसंगांवर व्याख्यात्यांनी मुलांमध्ये वाद लावून दिला, आणि मोबाइल खिशात ठेवून मुले भांडली. अशी वीस मिनिटे मी शाळा-महाविद्यालयांच्या सभागृहांतही फार वेळा पाहिलेली नाहीत.

विज्ञानाची सवय राजकारणात कोठे उपयोगी पडते, याचे उदाहरणही त्यांनी नेमके निवडले. एप्रिल २०२० मध्ये पत्रकारांसमोर मर्केल यांनी कोविडचा संसर्गदर समजावून दिला होता. एक बाधित माणूस सरासरी १.१ जणांना लागण करत राहिला तर रुग्णालयांची क्षमता ऑक्टोबरमध्ये संपेल, १.२ असेल तर जुलैमध्येच आणि १.३ असेल तर जूनमध्ये. हे तीन आकडे फळ्यावर एकाखाली एक मांडून मुलांना वहीत गुणाकार करायला लावले गेले. बाजूला पालकही बोटांवर हिशेब करत होते.

परंतु उलट उदाहरण त्यांनी घेतले नाही. २०१० च्या शरदात मर्केल यांच्या सरकारने अणुभट्ट्यांची मुदत वाढवली आणि मार्च २०११ मध्ये जपानमधील फुकुशिमा अणुकेंद्राची दुर्घटना घडताच काही महिन्यांत २०२२ पर्यंत सर्व भट्ट्या बंद करण्याचा निर्णय घेतला. अणूचे भौतिकशास्त्र त्या काही महिन्यांत बदलले नव्हते. बदलले होते ते लोकमत. शास्त्रज्ञ नेता झाला म्हणजे तो प्रत्येक निर्णय प्रयोगशाळेतल्यासारखाच घेतो, असा समज घेऊन मुले घरी गेली असतील तर तो दोष वर्गाचा आहे.

तिसरा रविवार घाईचा होता. ब्रिटनच्या माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर, मेक्सिकोच्या क्लाउडिया शेनबाउम आणि डॉ. कलाम यांना दोन तासांत कोंबले होते. थॅचर यांनी ऑक्सफर्डमध्ये रसायनशास्त्रज्ञ डोरोथी हॉजकिन यांच्या हाताखाली रसायनशास्त्राचा अभ्यास केला, नंतर प्लॅस्टिकच्या आणि खाद्यपदार्थांच्या कंपन्यांत काम केले, इथपर्यंत ठीक. पण मऊ आइस्क्रीमचा शोध त्यांनी लावला अशी पाटी पडद्यावर झळकली. तसले आइस्क्रीम अमेरिकेत त्यापूर्वीपासून विकले जात होते. मी हे सांगितल्यावर पाटी काढली गेली, मात्र पुढच्या तुकडीलाही ती दिसू नये एवढी काळजी घ्यावी. ऊर्जा अभियांत्रिकीत डॉक्टरेट मिळवून ऑक्टोबर २०२४ मध्ये मेक्सिकोच्या राष्ट्राध्यक्ष झालेल्या शेनबाउम यांच्या वाट्याला जेमतेम दहा मिनिटे आली. कलाम यांच्याविषयी कोणाच्या मनात आदर नसेल? पण ते कोणत्याही पक्षात नव्हते, २००२ साली ते खासदार-आमदारांच्या मतांनी राष्ट्रपती झाले; लोकांकडे मते मागत वर चढलेल्या माणसांच्या रांगेत त्यांना बसवले की दोन्ही वाटांचा गोंधळ होतो.

भारतीय उदाहरण हवेच होते तर मेघनाद साहा होते. १९२० साली ताऱ्यांच्या वर्णपटाचा उलगडा करणारे आयनीभवनाचे (अणूतून इलेक्ट्रॉन सुटण्याचे) समीकरण मांडणारा हा माणूस १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत कलकत्त्यातून लोकसभेवर निवडून गेला आणि १९५६ मध्ये निधन होईपर्यंत सभागृहात सरकारला नियोजनावरून धारेवर धरत राहिला. आपल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत बारीक अक्षरांत ‘भारतीय सौर’ अशी तारीख छापलेली असते, ती ज्या समितीच्या शिफारशीवरून आली तिचे अध्यक्षही साहाच. वर्गातल्या चाळीसेक मुलांपैकी एकानेही हे नाव ऐकलेले नव्हते, आणि मंडळींनी ते ऐकवण्याची संधी घालवली.

व्यवस्थेविषयी थोडेसे. बसायला खुर्च्या बऱ्या होत्या, पिण्याच्या पाण्याचा माठ गार होता, मध्यंतरात चहा मिळत होता, वर्ग वेळेवर सुरू होत होता. सहाशे रुपये दुसऱ्या रविवारसाठी मला जास्त वाटले नाहीत, पहिल्या आणि तिसऱ्यासाठी वाटले. संचालकांनी तक्ता नव्याने छापण्याचे कबूल केले आहे. नातीने आपल्या प्रतीवरचे प्रश्नचिन्ह खोडून तेथे अ‍ॅडलर्सहोफ, १९८६ आणि ‘के’ असे लिहिले होते, ते पान त्यांनी छायाप्रतीसाठी मागून घेतले. पुढची तुकडी दिवाळीच्या सुट्टीत आहे. जाणार असाल तर मागच्या तीन रांगा टाळाव्यात, कारण तेथे डोक्यावरच्या पंख्याच्या खडखडाटात व्याख्यात्यांचा निम्मा आवाज विरून जातो.