जुना डेस्कटॉप की जुना लॅपटॉप? घरच्या सर्व्हरसाठी निवड करताना

घरात एक जुना डेस्कटॉप आणि एक जुना लॅपटॉप धूळ खात पडलाय, आणि दोघांपैकी एकाचा सर्व्हर, म्हणजे घरातल्या सगळ्या उपकरणांना नेटवर्कवरून फाइल्स पुरवणारं यंत्र, करायचाय. अशा वेळी बहुतेक जण आधी कुणाचा प्रोसेसर भारी आहे ते बघतात. माझ्या मते तो प्रश्न सगळ्यात शेवटी यावा. फाइल्स साठवणं, मोबाइलमधले फोटो उतरवून घेणं, घरभरच्या जाहिराती अडवणं या कामांत दहा वर्षांपूर्वीचा प्रोसेसरसुद्धा दिवसाचा बराचसा वेळ नुसता बसून असतो. निवड ठरते ती डिस्क किती लावायच्या आहेत आणि यंत्र चोवीस तास चालू राहणार आहे का, यावर.

वीज

सर्व्हर बहुतांश वेळ रिकामा बसणार, म्हणून तो रिकामा असताना किती वीज ओढतो हेच बघायचं. (पॉवर सप्लायवर छापलेले 450 वॅट बघून घाबरू नका, ती त्याची कमाल क्षमता असते, रोजचा खप नव्हे.) जुना डेस्कटॉप रिकामा असताना साधारण 40 ते 80 वॅट घेतो. लॅपटॉप स्क्रीन बंद ठेवून 8 ते 15 वॅटमध्ये भागवतो. सतत चालणारा 1 वॅट म्हणजे वर्षाला 8.76 युनिट. या हिशेबाने 60 वॅटचा डेस्कटॉप वर्षाला 526 युनिट खाईल आणि 10 वॅटचा लॅपटॉप 88. मधल्या फरकाला आपल्या वीजदराने गुणा. घरातच होता म्हणून फुकट वाटणारा डेस्कटॉप दोन-तीन वर्षांत किती महाग पडतो ते लगेच कळतं.

डेस्कटॉपचा आकडा थोडा खाली आणता येतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर आधी ते काढा. मात्र प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसेल तर काही मदरबोर्ड कार्डाशिवाय सुरूच होत नाहीत, तेव्हा काढून एकदा चालवून बघा. आणि अंदाजावर राहू नका. प्लगमध्ये लावायचा साधा वॉटमीटर खरा आकडा दाखवतो.

डिस्क

इथे डेस्कटॉपला तोड नाही. मदरबोर्डवर साधारण चार ते सहा साटा पोर्ट (डिस्क जोडायच्या जागा) असतात आणि 3.5 इंची डिस्क बसवायला कॅबिनेटमध्ये जागा असते. लॅपटॉपमध्ये 2.5 इंची एक डिस्क बसते. डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर तो काढून त्या जागी कॅडीत (डिस्क धरणाऱ्या चौकटीत) दुसरी बसवता येते, की संपलं. शिवाय मोठ्या क्षमतेच्या 2.5 इंची हार्ड डिस्क बहुतेक एसएमआर पद्धतीच्या, म्हणजे माहितीचे पट्टे एकमेकांवर थोडे चढवून लिहिणाऱ्या, असतात आणि सलग बराच वेळ लिहायला लागलं की त्या ढेपाळतात.

यूएसबीने बाहेरून डिस्क लावता येते आणि एक डिस्क छान चालतेही. दोन-तीन डिस्क हबवर टांगून त्यांची रेड (अनेक डिस्कचा मिळून एक संच) करायचा विचार मात्र सोडून द्या. केबल जरा हलली किंवा वीज कमी पडली की एखादी डिस्क मधूनच गायब होते, आणि मग सगळा संच पुन्हा जुळवत बसा.

वीज गेली तर

लॅपटॉपचा मोठा फायदा म्हणजे आतच असलेला यूपीएस, अर्थात त्याची बॅटरी. वीज गेली की राउटर बंद पडतो, त्यामुळे सर्व्हर कुणाच्या कामाचा राहत नाही हे खरं. पण तो धाडकन बंद पडत नाही, आणि फाइल्ससाठी तेच महत्त्वाचं.

याच बॅटरीची दुसरी बाजूही बघा. वर्षानुवर्षं 100 टक्क्यांवर चार्जिंगला लावून ठेवलेली जुनी बॅटरी फुगू शकते. टचपॅड दाबला जात नाही, खालचं झाकण किंचित उचललेलं दिसतं, सपाट टेबलावर लॅपटॉप डुगडुगतो. यातलं काहीही दिसलं तर तो आधी बंद करा. बॅटरी दाबू नका, टोचू नका, काढून ई-कचऱ्यात द्या. बॅटरी धड असेल तर बायोसमध्ये (यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) किंवा लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिममधून चार्जिंगची मर्यादा 60 ते 80 टक्क्यांवर ठेवता येते का बघा, अनेक मॉडेलांत ती सोय असते. बॅटरी काढून थेट अडॅप्टरवर चालवायचा विचार असेल तर काही लॅपटॉप तशा वेळी प्रोसेसरचा वेग मुद्दाम खाली ठेवतात, हेही ध्यानात असू द्या.

डेस्कटॉपला यूपीएस वेगळा लागतो. पण वीज परत आली की आपोआप सुरू व्हायची सोय त्याच्या बायोसमध्ये जवळपास नेहमीच असते. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ती नसते, त्यामुळे बॅटरी पूर्ण संपून तो बंद पडला तर कुणीतरी जाऊन बटण दाबावं लागतं. तुम्ही बरेच दिवस घराबाहेर असता का, याचा इथे विचार करा.

बाकीचं थोडक्यात

लॅपटॉपचं झाकण लावलं की तो झोपतो, पण लिनक्समध्ये एका ओळीची सेटिंग बदलली की तो जागा राहतो. नेटवर्क मात्र तपासाच. नेटवर्कची केबल लावायचा गिगाबिट पोर्ट सेकंदाला साधारण 110 एमबी देतो, जुना 100 मेगाबिटचा पोर्ट 11-12. म्हणजे 100 जीबी फोटो एकावर पाव तासात जातात, दुसऱ्यावर अडीच तास घेतात. लॅपटॉपला पोर्टच नसेल तर यूएसबी 3 चा गिगाबिट अडॅप्टर चालेल, वायफायवर सर्व्हर ठेवू नका.

आता प्रोसेसर. तो खरा लागतो व्हिडिओचं रूपांतर करताना, म्हणजे टीव्हीला फाइल जशीच्या तशी चालत नाही तेव्हा. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये हे रूपांतर झटपट करणारी क्विक सिंक ही सोय 2011 पासून आहे, पण एचईव्हीसी (फाइल लहान ठेवणारा नवा प्रकार) व्हिडिओ हवा असेल तर सहाव्या पिढीपासून पुढचा आणि 10 बिट (जास्त रंगछटांच्या) एचईव्हीसीला सातव्या पिढीपासून पुढचा बघा. 32 बिटचा प्रोसेसर असेल तर नाद सोडा. 2025 मध्ये आलेल्या डेबियन 13 ने (डेबियन हा लिनक्सचाच एक प्रकार) त्यासाठी इन्स्टॉलर देणंही बंद केलं. रॅम 4 जीबी असेल तर डेबियन किंवा ओपनमीडियाव्हॉल्ट ही फाइल सर्व्हरसाठीची तयार प्रणाली निवांत चालेल. तशाच ट्रूनॅसला किमान 8 लागते.

माझा कौल? डेटा एका डिस्कवर मावत असेल तर लॅपटॉप, डोळे झाकून. दोन किंवा जास्त 3.5 इंची डिस्क लावायच्याच असतील तर डेस्कटॉप, पण वॉटमीटर लावून आणि बिलाची तयारी ठेवून.

काहीही घेतलं तरी जुन्या डिस्कची स्मार्ट तपासणी (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद बघणं) आधी करा. रीॲलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टरचा, म्हणजे खराब झालेल्या किंवा संशयास्पद भागांचा, आकडा शून्यापेक्षा जास्त असेल तर त्या डिस्कवर फोटो ठेवू नका. आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून डिलीट केलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकदमच जाते.

म्हणून लॅपटॉपची निवड केली तरी डेस्कटॉप लगेच भंगारात काढू नका. त्यात एक मोठी डिस्क घाला, वेक-ऑन-लॅनने (नेटवर्कवरून संदेश पाठवून यंत्र सुरू करायची सोय) आठवड्यातून एकदा उठवा, सर्व्हरवरचं नवं काय असेल ते ओढून घेऊन त्याला परत बंद होऊ द्या. 60 वॅटने आठवड्याला दोन तास म्हटलं तरी वर्षाला साडेसहा युनिटसुद्धा होत नाहीत.