दोन डिझेल सेडान, एक दलाल आणि माझे ११,८५,००० रुपये

फोक्सवॅगनची पासाट घ्यावी की स्कोडाची सुपर्ब, या प्रश्नावर मी कितीतरी रात्री डोकं शिणवलं. आता कळतंय की तो प्रश्न माझा नव्हताच. दोन्ही गाड्या माझ्यापुढे आणून उभ्या करणारे लोक एकच होते, आणि मी कोणती नाकारावी हे त्यांनी आधीच ठरवलं होतं.

जुनी मोठी डिझेल शोधणाऱ्यांना बाजार माहीत आहे. या दोन्ही गाड्यांत एकाच फोक्सवॅगन समूहाचं दोन लिटरचं टीडीआय डिझेल इंजिन आणि डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा सहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. एप्रिल २०२० मध्ये प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू झाले आणि त्या समूहाने भारतात डिझेल बंद केलं. म्हणजे जी काही गाडी मिळेल ती त्याआधीची, आणि चांगल्या गाड्या दरवर्षी कमी होणार. ही घाई आपल्या चेहऱ्यावर दिसते आणि दलाल ती बरोबर वाचतो. दिल्लीचं प्रकरण वेगळंच. दहा वर्षांपुढच्या डिझेलवर तिथे हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी आणली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती कायम केली. त्या धास्तीने तिथल्या कित्येकांनी सात-आठ वर्षांच्या गाड्या काढून टाकल्या आणि त्यातल्या बऱ्याच आपल्याकडे आल्या. त्यामुळे 'दिल्लीची आहे म्हणून स्वस्त' हे ऐकून संशय येत नाही, उलट पटतं.

सुपर्ब इथलीच, १,४८,००० किलोमीटर, मागणी १०,६०,०००. 'मालक' स्वतः दाखवायला आला होता. सीट दबलेली, बंपरला ओरखडे, आणि भावात एक रुपया कमी करायला तो तयार नाही. पासाट २०१७ ची, दिल्लीची, मीटरवर ७१,३००, मागणी १२,४०,०००, ठरली ११,८५,००० ला. टोकन ५१,००० रुपये यूपीआयने. महाराष्ट्राचा रोड टॅक्स 'आमच्याकडे लागला', असं तोंडी. तोंडी शब्दावर एक रुपयाही देऊ नका. तो टॅक्स, १,८६,४०० रुपये, शेवटी मीच भरला.

आता ते ब्रेकचं रबर. रात्री झोप मोडते ती त्याच्यामुळे. सुपर्बच्या ब्रेक पेडलवरचं रबर झिजून गुळगुळीत झालं होतं, आणि तेवढ्यावरून मी ती गाडी मनातून काढून टाकली होती. पासाटच्या पेडलवर नवं कोरं रबर, एकूण एक रेघ ठळक. मी वाकून पाहिलं. बोटाने चाचपलंसुद्धा. आणि टाच टेकते तिथलं कार्पेट मात्र विरून खालचं जाळं दिसत होतं! ७१,००० किलोमीटरमध्ये कार्पेटला भोक पडतं आणि रबर नवं राहतं, हे कसं? मी विचारलं. दलाल म्हणाला, "साहेब, मॅडम चालवायच्या, हिलचे सँडल असायचे. रबर आम्ही हौसेने बदललं." उत्तर तयार होतं. ज्या प्रश्नाचं उत्तर इतकं तयार असतं, तो प्रश्न तुमच्याआधी कितीजणांनी विचारला असेल!

मी डोळे मिटून पैसे दिले असं कुणी म्हणू नये. सर्व्हिसची फाइल मागितली, ती मिळाली, शिक्क्यांसकट. खात्री करायला अधिकृत वर्कशॉपमध्ये चासी नंबर घेऊन गेलो, तर काउंटरवर म्हणाले की गाडी तुमच्या नावावर नाही, हिस्टरी देता येणार नाही. सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर पाहिलं: मालक पहिला, कर्जाचा बोजा नाही, विमा चालू. सगळं खरं होतं, कारण त्यातल्या कशातही किलोमीटर नसतात. विकत घेण्याआधी ज्याला माहिती हवी त्याला ती द्यायची नाही आणि गाडी गळ्यात पडल्यावर द्यायची, या नियमाचा फायदा कोणाला होतो ते सांगायला नको. तुम्ही आधीच्या मालकाकडून लेखी संमती आणा आणि हिस्टरी काढा. मालक 'परदेशात' असेल तर तिथूनच मागे फिरा.

गाडी आणल्यावर ट्रॅफिकमध्ये दुसऱ्या गिअरला धक्के सुरू झाले. ओळखीच्या मिस्त्रीने स्कॅनर लावला. या गाड्यांत एखादा दोष नोंदला जातो तेव्हा त्याच्यासोबत त्या क्षणाचे किलोमीटरही साठतात. मीटर फिरवणाऱ्याने डॅशबोर्डचा आकडा बदलला होता, गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटमधली जुनी नोंद पुसायची राहिली होती. तिथे लिहिलं होतं १,६३,४१२. समोर मीटर दाखवत होतं ७१,९८०. डीएसजीचं तेल ६०,००० किलोमीटरला बदलावं लागतं. फाइलमध्ये ते एकदाच बदललेलं. म्हणजे एक लाख किलोमीटर त्याच तेलावर. मेकॅट्रॉनिक (गिअर बदलणारं नियंत्रण युनिट), ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनचे धक्के शोषणारं चाक), क्लच मिळून खर्चाचा अंदाज २,९७,६०० रुपये. यात गाडी बनवणाऱ्यांचा दोष नाही, कुठलाही गिअरबॉक्स असा चालवला तर हेच होईल. स्कॅनर स्वतःचा न्या, दलालाच्या मिस्त्रीचा नको, आणि फक्त इंजिन नाही, सगळी युनिटं वाचून घ्या.

पोलीस ठाण्यात गेलो. "हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा." मीटर फिरवून, खोटी फाइल बनवून पैसे घेणं दिवाणी कसं? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीसाठीच आहे ना? अर्ज ठेवून घेतला, पोच द्यायला मात्र साहेब जागेवर नाहीत. आरटीओत गेलो तर उत्तर, "आरसीवर किलोमीटर नसतात, आमचा संबंध नाही." बरं, मग डीलरचं बोला. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं प्राधिकार प्रमाणपत्र लागतं, गाडी त्याच्याकडे आली की तशी नोंद पोर्टलवर व्हावी लागते. या माणसाकडे प्रमाणपत्र आहे का, एवढंच विचारलं. या खिडकीवरून त्या खिडकीवर, मग 'माहितीच्या अधिकारात अर्ज करा'. अहो, नियम तुमचा, तपासायचं तुम्ही, आणि अर्ज मी करायचा? नियम कागदावर आहे, दुकान रस्त्यावर आहे, आणि मधे कोणीही नाही!

ग्राहक आयोगातली अडचण तर त्यांनी आधीच रचून ठेवली होती. गाडी नावावर करण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर विकणारी दिल्लीची मूळ मालकीण आणि घेणारा मी. दलालाचं नाव कुठेच नाही. त्यामुळे पहिला प्रश्न आला: हा व्यापारी आहे याला पुरावा काय? पुरावा मिळाला तो टोकनच्या ५१,००० मध्ये. ज्या खात्यात ते गेले त्याच नावाने सुपर्बचा 'मालक' मला भेटला होता. ती सुपर्ब नंतर पुन्हा जाहिरातीत दिसली. तेच ओरखडे, तोच बंपर, किलोमीटर ८२,०००. स्क्रीनशॉट ताबडतोब काढले, तुम्हीही जाहिरातीचा पहिल्या दिवशीच काढून ठेवा, व्यवहार झाला की ती गायब होते.

कोणी दोन गाड्या शेजारी ठेवून दाखवल्या तर एकीचा विचार करताना दुसरी मनातून पुसून टाका. पैसे बँकेतूनच द्या, आणि ज्याचं नाव आरसीवर आहे त्याच्याच खात्यात. किलोमीटरचा आकडा विक्रीच्या करारात लिहून सही घ्या. इंजिन गार असताना स्वतः सुरू करा. सीटबेल्टच्या पट्टीवरची तारीख, काचांवरचं वर्ष, टायरवरचे चार आकडे (बनल्याचा आठवडा आणि वर्ष) गाडीच्या वर्षाशी जुळवा.

पोलिसांनी गुन्हा नोंदवला नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली अधीक्षकांना लेखी अर्ज पाठवता येतो, पोस्टाने, म्हणजे पोच मिळते. मी पाठवला आहे. ग्राहक आयोगात माझ्या रकमेला फी ४०० रुपये लागली आणि मुदत दोन वर्षांची असते. गेल्या वर्षभरात कोणी दिल्लीची मोठी डिझेल इकडे घेतली असेल तर आधी गिअरबॉक्सचं युनिट वाचून घ्या. आकडा जुळला नाही तर मुदत संपायच्या आत तक्रार दाखल करा, तीही दलालाला पक्षकार करून.