घरपोच ‘सिरॅमिक कोटिंग’च्या नावाखाली माझ्या गाडीवर काय चोपडलं गेलं

घरी येऊन सिरॅमिक कोटिंग (गाडीच्या रंगावर घट्ट बसणारा संरक्षक थर) करून देतो, काम अर्ध्या दिवसात, वर तीन वर्षांची वॉरंटी, अशी जाहिरात मोबाइलवर दिसत असेल तर पुढे बोलणी करण्याआधी हे वाचून घ्या. माझ्या गाडीला जे लावलं ते कोटिंग नव्हतंच. त्याहून वाईट म्हणजे लावण्याआधी जे पॉलिशचं मशीन फिरवलं, त्याने बॉनेटच्या कडेचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, गेला. पैशांची हळहळ कधीतरी थांबेल, पण उडालेला क्लिअर कोट कुठलीही बाटली परत आणत नाही.

विकण्याची पद्धत मोठी चोख होती. माणूस सोबत रंगवलेल्या पत्र्याचा तुकडा घेऊन आला होता. पत्र्याच्या अर्ध्या भागावर पाणी ओतलं की मोत्यासारखे थेंब घरंगळायचे, उरलेल्या अर्ध्यावर पाणी पसरून बसायचं. मग त्याने लायटरचं इंधन शिंपडून पेटवलं, विझल्यावर फडकं फिरवलं आणि म्हणाला, “बघा साहेब, डाग तरी दिसतोय का?” शेवटी “९एच हार्डनेस आहे, किल्लीने ओढलं तरी चरा जाणार नाही.”

यातल्या एकाही प्रयोगाने कोटिंग सिद्ध होत नाही. पाण्याचे थेंब साध्या वॅक्सवरही होतात आणि डॅशबोर्ड चकचकीत करणाऱ्या सिलिकॉनच्या पॉलिशवरही होतात. शिंपडलेलं इंधन काही क्षणांत जळून जातं, पत्रा तापायला वेळच मिळत नाही, त्यामुळे कोटिंग नसलेलं पॅनलही बहुधा सुटतं. (आपल्या गाडीवर करून बघू नका.) आणि ९एच ही पेन्सिलींची मोजपट्टी आहे, ९बी ते ९एच. ठरावीक वजनाखाली पेन्सिल ४५ अंशांत धरून ढकलायची आणि कुठल्या पेन्सिलीने थर ओरखडतो ते पाहायचं. खनिजांची मोह्‌स पट्टी वेगळी. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट त्या पट्टीवर एक-दोनच्या आसपास येतं, आणि धुळीत असते ती वाळू, म्हणजे क्वार्ट्‌झ, सातवर. ९एचचा थरही धुळीच्या फडक्याने ओरखडतो, किल्लीची तर गोष्टच सोडा.

कामाच्या दिवशी दोन पोरं आली. एकच बादली, एकच फडकं. आधी चाकं पुसली, मग तेच फडकं त्याच पाण्यात बुचकळून दारांवर. चाकांवर ब्रेकची लोखंडी भुकटी चिकटलेली असते, ती अशी अख्ख्या गाडीवर घासली गेली. लोखंड विरघळवणारा फवारा नाही, रंगाला चिकटलेला कचरा ओढून काढणारी मातीसारखी वडी, म्हणजे क्ले बार, तीही नाही. खरं तर धुतल्यानंतर पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून रंगावरून हात फिरवला तर चिकटलेला कचरा खरखरीत लागतो, आणि तो काढल्याशिवाय मशीन लावायचंच नसतं. मी विचारलं तर उत्तर आलं, “मशीनमध्ये सगळं निघतं.”

मशीनला लोकरीचं पॅड होतं आणि रबिंग कंपाउंड, म्हणजे रंग घासून चकचकीत करणारी पेस्ट, चांगलंच कडक होतं. आता ही गोष्ट नीट लक्षात घ्या. माझी गाडी गडद लाल आहे. बॉनेटच्या पुढच्या कडेवर मशीन बराच वेळ एकाच जागी घुमत राहिलं, आणि त्याने पॅड उलटं केलं तेव्हा पांढऱ्या लोकरीवर गुलाबी पट्टा उमटला होता. मी बोट दाखवलं. पोरगा शांतपणे म्हणाला, “जुनी घाण निघतेय साहेब.”

घाण गुलाबी नसते. हल्लीच्या बहुतेक गाड्यांना रंगाच्या वर पारदर्शक क्लिअर कोट असतो, साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. कडांवर तो आणखी पातळ बसतो आणि मशीनची उष्णताही तिथेच साचते. पॅडवर गाडीचा रंग उतरला याचा अर्थ तो थर संपून खालच्या रंगाला हात लागला. (जुन्या, क्लिअर कोट नसलेल्या रंगाच्या गाड्यांमध्ये पॅडवर रंग येणं साहजिक आहे, ती गोष्ट वेगळी.) तुमच्या समोर असं झालं तर मशीन त्याच क्षणी बंद करायला लावा.

त्यानंतर ‘कोटिंग’ आलं, प्लास्टिकच्या मोठ्या फवाऱ्याच्या बाटलीतून. दुधासारखं पांढरं, गोडसर वासाचं. फवारा मारला, पुसलं, पुढचं पॅनल. ‘तीन थर’ संध्याकाळच्या आत उरकले आणि वर सांगितलं, उद्या धुतली तरी चालेल.

खरं कोटिंग बहुधा ३० ते ५० मिलिलिटरच्या लहानशा बाटलीत येतं. ते हवेतल्या दमटपणाशी क्रिया होऊन घट्ट होतं, म्हणून त्यात पाणी असूच शकत नाही, नाहीतर बाटलीतच गोठेल. पांढरं, दुधट दिसणारं द्रव म्हणजे पाण्यातलं मिश्रण. सिलिकायुक्त फवारे मिळतात आणि ते आपल्या परीने चांगलेही असतात, काही आठवडे-महिने टिकतात, पण त्यांना तीन वर्षांचं कोटिंग म्हणून विकणं ही शुद्ध लबाडी. खरं कोटिंग लावताना दोन-दोन फुटांचा भाग घेऊन आडवं-उभं चोळतात, पृष्ठभागावर इंद्रधनुषी झाक दिसू लागली की पुसतात. पुसायला उशीर झाला तर काळपट डाग तिथेच बसतो आणि तो काढायला पुन्हा पॉलिश करावं लागतं. मग बारा ते चोवीस तास गाडी कोरडी ठेवायची आणि आठवडाभर शॅम्पू लावायचा नाही. उद्या धुवा म्हणणाऱ्याने ते कधी लावलेलंच नसतं.

त्या संध्याकाळी मात्र गाडी अप्रतिम दिसत होती, हे मान्य करतो. फसवणुकीची सगळी मदार त्या एका संध्याकाळवर असते. तेलकट द्रव बारीक ओरखड्यांत भरून बसतो, प्रकाश विखुरत नाही आणि रंग खोल, ओला दिसतो. काही वेळा शॅम्पूने धुतल्यावर तेल गेलं आणि भर उन्हात मशीनच्या गोल खुणा दिसायला लागल्या. बॉनेटच्या कडेला तळहाताएवढा फिकट, निस्तेज पट्टा उघडा पडला. ओळखीच्या पेंटिंगवाल्याने रंगाची जाडी मोजणारं गेज लावलं. टपावरचा आकडा व्यवस्थित, कडेचा त्याच्या जवळपासही नाही. म्हणाला, “इथे आता मशीन लावू देऊ नका, पुढच्या वेळी प्रायमरच दिसेल.”

पोरं ती फवाऱ्याची बाटली चिंध्यांसोबत विसरून गेली होती. मी काचेच्या तुकड्यावर त्यातले थेंब टाकून ठेवले. दुसऱ्या दिवशी बोट फिरवलं तर तेलासारखं पसरलं. खरं कोटिंग काचेवर सुकून कडक झालं असतं, नखाने निघालं नसतं.

तक्रार केली तर आधी उत्तर आलं की तुमच्या पाण्यात क्षार जास्त आहेत. मग आलं की तुम्ही ‘मेंटेनन्स’ केला नाही. वॉरंटीकार्ड तेव्हा नीट वाचलं: दर काही महिन्यांनी त्यांच्याकडूनच पैसे भरून देखभाल करून घेतली तरच वॉरंटी. ओरखडे, पाण्याचे डाग, पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक यातलं काहीही त्यात बसत नाही. मालाचं नाव नाही, बॅच नंबर नाही. बाटलीचा फोटो पाठवला त्यानंतर उत्तरं बंद.

एक गोष्ट कोटिंग विकणारा कधीच सांगणार नाही. आठवड्याला स्वतः गाडी धुणाऱ्याला बहुतेकदा कोटिंगची गरजच नसते. दोन बादल्या घ्या, एकीत शॅम्पू आणि दुसरीत फडकं खळबळायला साधं पाणी. चाकांचं फडकं वेगळं, सुरुवात टपापासून, गाडी सावलीत आणि पत्रा गार. वर हाताने सीलंट, म्हणजे वॅक्ससारखंच पण कृत्रिम संरक्षक पॉलिश. वॅक्स काही आठवडे टिकतं, चांगलं सीलंट काही महिने. पाणी पसरायला लागलं की पुन्हा लावायचं. यात मशीन नाही, त्यामुळे कायमचं नुकसान व्हायची शक्यताही फार कमी.

तरीही कोटिंग करून घ्यायचंच असेल तर काही अटी आधीच घाला. सीलबंद बाटली तुमच्या समोर उघडायची, नाव आणि बॅच नंबर बिलावर लिहायचा. पॉलिश झाल्यावर आणि कोटिंग लावण्याआधी पाण्यात मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पॅनल पुसायचं, तेही टॉर्चच्या उजेडात तुम्हाला दाखवत. लपवलेले ओरखडे तिथेच बाहेर पडतात, आणि कोटिंग धरण्यासाठी हे पुसणं तसंही लागतंच, म्हणून काम करणाऱ्याने आढेवेढे घ्यायचं काही कारण नाही. सगळे पैसे त्याच संध्याकाळी देऊ नका, काही रक्कम पहिल्या दोन-तीन धुण्यांनंतर. मशीन लावण्याआधी आणि नंतर गेजचे आकडे लिहून घ्या, विशेषतः कडांचे. साधं गेज पत्र्यावर चालतं, प्लास्टिकच्या बंपरवर नाही, त्याला अल्ट्रासाउंडचं वेगळं, बरंच महाग यंत्र लागतं. तेव्हा साधं गेज हातात धरून कुणी बंपरचा आकडा सांगत असेल, तर बाकीचे आकडेही त्याने मनानेच लिहिले आहेत असं समजा.