डुपिलुमॅबचे दहा महिने: औषध झकास, वजनकाट्याने घात केला

मुलगी ९ वर्षांची, एक्झिमा (त्वचा सुजून खाजत राहण्याचा आजार) तान्हेपणापासून. मलमं, ओल्या पट्ट्या, सायक्लोस्पोरिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध), सगळं करून झालेलं. मग डुपिलुमॅबची सुई सुरू केली. त्वचेला सूज आणि खाज आणणारे आयएल-४, आयएल-१३ हे शरीरातले संदेश ती अडवते. आता थेट मुद्द्यावर येते.

गेल्या आठवड्यात तिचं वजन ३०.४ किलो भरलं. मी तिला बूट काढून पुन्हा काट्यावर चढवली. ३०.१. व्हायचं ते झालंच. एक्झिमासाठी १५ ते ३० किलोच्या आतल्या मुलांना ३०० मिग्रॅ दर ४ आठवड्यांनी. ३० गाठले की २०० मिग्रॅ दर २ आठवड्यांनी. म्हणजे सुया दुप्पट! आणि मी शहाणी, ३०० च्या दोन सिरिंज आधीच आणून ठेवलेल्या. दुकानदार परत घेईना. थंड साखळीतलं औषध एकदा दुकानाबाहेर गेलं की गेलं. त्याचं बरोबरच आहे, पण जीव जळतो हो. थोडं थोडं करून वापरता येईल का, हेही निर्लज्जपणे विचारलं. नाही येत. उरलेलं टाकायचं.

बाकी तक्रारी किरकोळ. चौथ्या महिन्यात डोळे लाल झाले, थेंबांनी निवळले. ३०० ची सिरिंज फ्रिजमधून काढून ४५ मिनिटं बाहेर ठेवायची असते. एकदा मी घाईत पंधराव्या मिनिटालाच टोचली, तर पोरगी अशी किंचाळली की विचारू नका. तेव्हापासून घड्याळ तीच लावते आणि शेजारी पहारा देत बसते. २०० ला ३० मिनिटं पुरतात, एवढीच काय ती बचत.

गुण मात्र आला. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री नखांची खरखर ऐकू येईना, म्हणून मीच घाबरून उठले. गाढ झोपली होती.

वरचं सगळं काल रागात लिहिलं. आज डॉक्टरांकडे जुना कागद निघाला: सुरुवातीला वजन २६, आणि त्याआधीचं वर्षभर तेवढंच. रात्रभर खाजवणारं पोर अंगाला लागणार तरी कसं? म्हणजे काटा वर गेला तो याच सुयांमुळे, असं मला वाटतं. डॉक्टर नुसत्या हसल्या.

शनिवारची ठरलेली सुई ३०० चीच द्या, मग बदलू, म्हणाल्या. दुसरी सिरिंज अजून फ्रिजमध्ये आहे. तिच्याबद्दल विचारायचं धाडस झालं नाही.