हायएस सेस्फिकिले : जोहान्सबर्गमधील रोजच्या प्रवासानंतर, मुख्यतः घडीच्या सीटविषयी

हा अनुभव लिहायला निमित्त झाले ते एका बिजागरीचे. मी फोर्ड्सबर्गला राहतो, नोकरी रँडबर्गला आहे, आणि जानेवारीत जोहान्सबर्गला आल्यापासून रोजची ये-जा मिनीबस टॅक्सीने, म्हणजे ठरलेल्या मार्गावर माणशी भाडे घेणाऱ्या गाडीने करतो. गेल्या महिन्यात संध्याकाळी परतताना मी बसलेली घडीची सीट चालत्या गाडीत एका बाजूने खचली. गाडीचा वेग फार नव्हता आणि शेजारच्या बाईंनी प्रसंगावधान राखून माझा दंड धरला, म्हणून मी दारावर आदळलो नाही. उतरल्यावर वाकून पाहिले, तर बिजागरीची पिन कधीच तुटून गेलेली होती आणि तिच्या जागी जाड तार पिळून बसवलेली होती. मालकाला फोन केला, तेव्हा त्याचे म्हणणे असे पडले की आजवर कोणाची तक्रार आली नाही, त्या अर्थी सीट ठीकच होती, आणि मला भीती वाटत असेल तर मी दुसरीकडे बसावे. भाडे परत द्यायला त्याने साफ नकार दिला. रक्कम किरकोळ होती, पण ज्या जागेचे पैसे घेतले ती जागा बसण्याजोगी असली पाहिजे, एवढे तत्त्व मला सोडवेना. दुसऱ्या दिवशी रँकवर, म्हणजे टॅक्सीतळावर, रांग लावणाऱ्या मार्शलकडे गेलो, त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि त्या फेरीला मला बिनपैशाने बसवले. त्या गाडीला नवी पिन लागली, पण त्यासाठी आणखी दोनदा आठवण करून द्यावी लागली.

गाडी अर्थातच टोयोटा हायएस सेस्फिकिले. इथे नव्याने आलेल्या माणसालाही पहिल्याच आठवड्यात ती ओळखता येते, म्हणून इंजिनाचे आणि मापांचे आकडे मी गरजेपुरतेच देतो. तार लावून गाडी रस्त्यावर आणणे ही त्या एका मालकाची हयगय होती, त्याचा गाडीच्या बांधणीशी संबंध नाही, हे आधीच स्पष्ट करतो. मात्र त्या संध्याकाळनंतर माझे लक्ष पुन्हा पुन्हा त्या सीटकडेच जाऊ लागले, आणि आता माझे ठाम मत झाले आहे की या गाडीची टॅक्सी म्हणून झालेली वाटचाल समजून घ्यायची असेल, तर तिच्या इंजिनापेक्षा तिच्या घडीच्या सीटकडे पाहावे.

माझ्या मार्गावरच्या गाड्यांत चालकाशेजारी दोन जागा, मागे तीन-तीनच्या तीन ओळी आणि अखेरीस चौघांचा बाक, अशी मांडणी असते. चालक धरून सोळा माणसे झाली. हा आकडा योगायोगाने आलेला नाही. दक्षिण आफ्रिकेच्या रस्ता वाहतूक कायद्यात मिनीबसची व्याख्याच नऊपेक्षा अधिक आणि चालकासह सोळापर्यंत माणसे नेणारे वाहन अशी आहे, आणि सतराव्या माणसाबरोबर तेच वाहन मिडीबसच्या वर्गात जाते. साहजिकच कोणताही मालक सोळाच्या आत एकही जागा मोकळी सोडत नाही. आता मागच्या ओळींपर्यंत जायला वाट तर हवी, आणि त्या वाटेवरही भाडे देणारा माणूस बसायला हवा. या दोन गरजा एकाच जागी येऊन पडतात, तिथे घडीची सीट बसवली जाते. तिच्यावर बसलेल्याला मागचा कोणी उतरायचा म्हटले की उठावे लागते, सीट दुमडावी लागते, पुष्कळदा स्वतः खाली उतरून उभे राहावे लागते, आणि पुन्हा चढून, सीट उलगडून, तिचा खटका नीट बसला की नाही हे न बघताच बसावे लागते, कारण तोवर गाडी निघालेली असते. पहिल्या ओळीतील घडीच्या सीटवाल्याकडे सरकते दार उघडण्याचे आणि लावण्याचे कामही आपोआप येते. हे काम कोणी नेमून देत नाही, पण ते टाळणाऱ्याकडे सगळी गाडी बघते.

या सीटची गादी शेजारच्या सीटपेक्षा अरुंद आणि पातळ असते, पाठ खांद्याखालीच संपते, आणि मी ज्या गाड्यांतून जातो त्यांत तिला डोके टेकायला काही नसते. जून-जुलैत इथे सकाळी गोठवणारी थंडी पडते. तेव्हा दाराच्या रबरातून येणारा वारा नेमका डाव्या गुडघ्यावर लागतो. उंच माणसाने तर या सीटचा विचारच करू नये.

बाकी गाडीविषयी थोडक्यात सांगतो. २.७ लिटरचे पेट्रोल इंजिन पूर्ण भरलेल्या गाडीलाही चढावर दमू देत नाही, आणि रोज पहाटेपासून रात्रीपर्यंत चालूनही या गाड्या वाटेत क्वचितच बंद पडलेल्या दिसतात. इंजिन पुढच्या सीटांखाली असल्यामुळे उन्हाळ्यात पुढे बसणाऱ्याच्या पायांना ऊब जाणवते. चालकाशेजारची जागा मला आरंभी सर्वांत चांगली वाटली होती. पुढचा रस्ता दिसतो आणि उठबस करावी लागत नाही. ते मत मी बदलले, पण भाड्याच्या हिशेबामुळे नव्हे. मागून ओळीओळीने पुढे येणारे सर्वांचे भाडे मोजण्याची आणि सुटे परत करण्याची जबाबदारी पुढे बसणाऱ्यावर येते. ती मला आवडते, कारण या हिशेबातून माझ्या चार ओळखी झाल्या आणि झुलूतले आकडे पाठ झाले. मत बदलण्याचे कारण गंभीर आहे. या गाडीला पुढे बॉनेट जवळजवळ नाही, आणि पुढे बसणाऱ्याचे गुडघे व समोरचे वाहन यांच्यामध्ये फार थोडा पत्रा असतो. मिनीबस टॅक्सीला ताशी १०० किलोमीटरची कायदेशीर मर्यादा आहे. त्या मर्यादेत चालणाऱ्या गाडीतही पुढे बसून मोटारवेवरून जाताना मला आता निश्चिंत वाटत नाही.

आधीच्या गाड्या कशा होत्या, हे मला कार्यालयातील, जोहान्सबर्गच्या सोवेटो या वस्तीतल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सांगितले, आणि ते ऐकल्यावर माझी चीड थोडी निवळली. जपानमध्ये हायएस १९६७ मध्ये आली, पण इथल्या टॅक्सीधंद्यात सोळा जणांच्या गाडीला मोकळीक मिळाली ती १९८८ च्या वाहतूक नियंत्रणमुक्तीच्या कायद्याने. तोवर परवानाधारक टॅक्सीला मोजकेच प्रवासी नेता येत, आणि वर्णभेदाच्या धोरणामुळे कामाच्या जागेपासून दूर वसवलेल्या लाखो कृष्णवर्णीय कामगारांना बस व रेल्वे पुरत नसत. कायदा बदलला तेव्हा १९८२ च्या तिसऱ्या पिढीची हायएस तयारच होती. वेगामुळे लोकांनी तिला धावपटू झोला बड हिचे नाव दिले. पुढे हीच बांधणी सियाया या नावाने घराघरांत पोहोचली. टोयोटाने जपानमध्ये १९८९ आणि २००४ मध्ये नव्या पिढ्या आणल्या, तरी डर्बनजवळच्या प्रॉस्पेक्टन कारखान्यात जुनीच हायएस २००७ पर्यंत बनत राहिली. टॅक्सीमालकांना ती स्वस्त पडत होती आणि तिचा प्रत्येक सुटा भाग कोणत्याही वस्तीत मिळत होता, हे त्याचे कारण.

त्या गाडीची रुंदी होती सुमारे १.६९ मीटर. तेवढ्यात ओळीला चार माणसे बसवण्याचा प्रघात होता, आणि त्यासाठी ‘फोर-फोर, मासिह्लालिसाने’ अशी हाक देत. म्हणजे चौघे-चौघे, एकमेकांना सांभाळून बसूया. आमच्या सातारा-कऱ्हाडकडच्या वडापमध्ये ‘जरा सरकून घ्या’ म्हणत चौथा बसवतात, तसेच हे. सहकारी सांगतात की त्या काळी मागच्या ओळींत पट्टे नव्हते आणि आदल्या दिवशी दुरुस्त केलेले दार दुसऱ्या दिवशी प्रवाशाने हाताने धरून बसायचे. हे ऐकल्यावर माझी तार लावलेली सीट मला निदान तुलनेने क्षुल्लक वाटू लागली.

पुढे २००५ मध्ये २००४ च्या पिढीची हायएस इथे क्वांटम या नावाने आली. ती १.८८ मीटर रुंद आहे, म्हणजे जुन्या गाडीपेक्षा १९ सेंटिमीटर अधिक, आणि रोज प्रवास करणाऱ्याला हे १९ सेंटिमीटर खांद्याला कळतात. सरकारने २००६ पासून टॅक्सी पुनर्भांडवलीकरणाची, म्हणजे जुन्या टॅक्सी काढून नव्या आणण्याची योजना राबवली. जुनी गाडी भंगारात देणाऱ्याला सुरुवातीला ५०,००० रँड मिळत, आणि नव्या गाडीला पट्टे, उलटल्यास टिकणारी बांधणी, पिवळी परावर्तक पट्टी अशा अटी लागू झाल्या. याच काळात एक भयंकर प्रकारही घडला. मालवाहतुकीसाठी घेतलेल्या क्वांटम पॅनेल व्हॅनना खिडक्या कापून आणि सीटा बसवून त्या टॅक्सी म्हणून चालवल्या गेल्या. त्या सीटांची जमिनीवरची पकड प्रवाशांसाठी कधी आखलेलीच नव्हती, आणि अपघातात सीटा उखडून माणसे दगावली. सरकारी कारभारावरच्या तक्रारी तपासणाऱ्या पब्लिक प्रोटेक्टरच्या कार्यालयापर्यंत हे प्रकरण गेले. सीट कशी बसवली आहे, हा प्रश्न इथे किती जिवावरचा आहे, ते मला हा इतिहास वाचून समजले, आणि मालकाशी झालेल्या वादात मी उगाच ताणले नाही याची खात्री पटली.

सेस्फिकिले ही त्या क्वांटमची टॅक्सीसाठीच आखलेली आवृत्ती. २०१२ पासून तिची जुळणी डर्बनला होते. २०१९ मध्ये हायएसची सहावी पिढी आली तेव्हा क्वांटम हे नाव तिला गेले, आणि टॅक्सी मात्र २००४ च्याच बांधणीवर राहून हायएस सेस्फिकिले झाली. सियायाच्या वेळी जे घडले तेच पुन्हा घडले.

विमानतळावर जाताना एकदा या नव्या पिढीच्या गाडीत बसण्याचा योग आला. ५.९१५ मीटर लांब, दोन चाकांच्या आसांत ३.८६ मीटर अंतर, इंजिन पुढे छोट्या बॉनेटमध्ये, आणि आत खरीखुरी वाट! मागचा प्रवासी उतरला आणि मी जागेवरून हललोही नाही. परतल्यावर मी मित्रांना सांगत सुटलो की टॅक्सीवाल्यांनी हट्टाने जुनी गाडी धरून ठेवली आहे आणि प्रवाशांना वेठीस धरले आहे.

आता हे मत मी मागे घेतो, आणि तसे करायला मला माझ्याच पाकिटाने भाग पाडले. माझ्या मार्गावरच्या गाडीत घडीच्या सीटा तीन आहेत. चालक सोडून प्रवासी पंधरा, म्हणजे उत्पन्नाचा पाचवा हिस्सा या सीटांवर बसतो. त्या काढल्या आणि मालकाचे उत्पन्न तेवढेच ठेवायचे म्हटले, तर उरलेल्या बारा जणांचे भाडे चतुर्थांशाने वाढवावे लागेल. देशात सार्वजनिक वाहनाने जाणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक मिनीबस टॅक्सीने जातात, तरी बस आणि रेल्वेला मिळते तसे नियमित अनुदान टॅक्सीला मिळत नाही. गाडीच्या कर्जाचा हप्ता, पेट्रोल, चालकाचा वाटा हे सगळे त्या पंधरा भाड्यांतूनच निघते, आणि म्हणूनच गाडी भरल्याशिवाय रँक सोडत नाही. नवी गाडी महाग आहे आणि प्रवाशांच्या आवृत्तीत तिच्यात माणसेही कमी बसतात. आज ॲपवरच्या कॅबच्या एका फेरीच्या पैशांत माझी साधारण निम्म्या आठवड्याची ये-जा होते, आणि या बचतीवरच मी घरी दरमहा ठरल्यापेक्षा थोडे अधिक पाठवू शकतो. भाडे चतुर्थांशाने वाढले तर मला ते जड जाईल. माझ्या शेजारी बसणाऱ्या, घरकाम करणाऱ्या आणि दोन टॅक्सी बदलून येणाऱ्या बाईंना तर ते परवडणारच नाही. मग मी घडीची सीट काढून टाका असे कोणत्या तोंडाने म्हणू?

म्हणून माझी मागणी आता लहान आणि नेमकी आहे. सीट राहू द्या, पण तिला शेजारच्या सीटइतकी उंच पाठ द्या, डोके टेकायला आधार द्या, आणि बिजागरीचा खटका असा करा की तो पूर्ण बसल्याशिवाय गादी खाली टिकणारच नाही. टॅक्सीला दरवर्षी रस्तायोग्यतेची तपासणी करून घ्यावी लागते. त्या तपासणीत घडीच्या प्रत्येक सीटवर वजन ठेवून ती उघडून-मिटून पाहावी. वर्षभरात हजारो वेळा हलणारा भाग वर्षातून एकदा तपासून भागणार नाही हे खरे, म्हणून मार्गावरच्या टॅक्सी संघटनेने स्वतःही मधूनमधून पाहणी करावी, असे पत्र मी मार्शलमार्फत दिले आहे. त्याने ते बैठकीत मांडण्याचे कबूल केले आहे.

नव्याने येणाऱ्या मराठी मंडळींना माझा सल्ला असा की भीतीपोटी टॅक्सी टाळू नका. शहराकडे जायचे असेल तर तर्जनी वर करून उभे राहा, जवळच्याच वस्तीत जायचे असेल तर ती खाली रोखा, आणि सुटे पैसे हातात तयार ठेवा. रँकवर गाडी रिकामी असताना चढायला मिळाले, तर दुसऱ्या किंवा तिसऱ्या ओळीतील खिडकीची जागा घ्या. तिथे पट्टा असतो, वारा लागत नाही आणि उठावे लागत नाही. घडीचीच सीट वाट्याला आली, तर ती उलगडल्यावर आधी तळहाताने दोन्ही कडांवर जोर देऊन पाहा आणि खटका बसल्याचा आवाज ऐका. कोणी घाई केली तरी तेवढा वेळ घ्या. सीट डगमगली तर तसे मोठ्याने सांगा. माझा अनुभव असा आहे की एकाने सांगितले की मागच्या ओळीतून दोघे-तिघे लगेच दुजोरा देतात, आणि चालकाला गाडी थांबवून ती पाहावी लागते.