ऑटोकॅडच्या नकाशातून फर्निचरचा हिशेब : काही महिने वापरल्यानंतर

चिपळूणमध्ये वाशिष्ठी नदीजवळ ऑफिस असलं की कोणतं टेबल कुठे आहे हा प्रश्न फक्त डेड स्टॉक रजिस्टरचा, म्हणजे ऑफिसातल्या टिकाऊ सामानाच्या नोंदवहीचा राहत नाही. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर तर मुळीच नाही. जोराचा पाऊस लागला की तळमजल्यावरचं सामान वर चढतं, उघडीप झाली की खाली येतं, आणि दर वेळी दोन कपाटं भलत्याच विभागात सापडतात.

आमच्या ऑफिसचा नकाशा ऑटोकॅड या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून होता, पण त्यातलं टेबल म्हणजे नुसत्या चार रेषा. गेल्या पावसाळ्याआधी प्रत्येक टेबल, खुर्ची आणि कपाटाचा ब्लॉक (रेषा एकत्र बांधून केलेली एकसंध आकृती) करून त्याला ॲट्रिब्यूट, म्हणजे माहितीचे रकाने, जोडले. तेव्हापासून यादी थेट नकाशातूनच काढते. वेगळी वही ठेवत नाही, आणि याचं मला मनापासून समाधान आहे.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. बसायच्या जागेचा नंबर आणि वस्तूचा नंबर वेगळे ठेवा. जागा हलत नाही, वस्तू हलते. आमच्या टेबलाच्या ब्लॉकमध्ये वस्तू क्रमांक, जागा क्रमांक आणि विभाग असे तीन रकाने आहेत. शिपाईकाका विचारतात, "ताई, कपाट वर नेलं, नंबर तोच ना?" वस्तूचा तोच, जागेचा नवा. एवढं ठरलं की निम्मे घोळ मिटतात.

यादी ऑटोकॅडच्या डेटा एक्स्ट्रॅक्शन या सोयीने निघते. ब्लॉक निवडायचे, रकाने निवडायचे, एक्सेल फाइल तयार. ही निवड डीएक्सई फाइलमध्ये साठते, त्यामुळे पुढच्या वेळी पुन्हा सगळं टिकमार्क करत बसावं लागत नाही. यादीत प्रत्येक ब्लॉकचा एक्स आणि वाय, म्हणजे नकाशातलं आडवं-उभं अंतर, मिळतो, पण तो कोणत्या खोलीत आहे हे मिळत नाही. टेबल नकाशात उचलून दुसऱ्या विभागात ठेवलं तरी विभागाचा रकाना जुनाच राहतो. आम्ही दोन्ही मजले एकाच ड्रॉइंगमध्ये शेजारी-शेजारी काढलेत, पहिला मजला एक्स ५०,००० मिमीपासून पुढे. एक्सेलमधलं साधं सूत्र एक्स बघून मजला ठरवतं आणि जागा क्रमांकाशी जुळत नसेल तर ती ओळ लाल करतं. पावसाळ्यात या लाल ओळी फार कामाला आल्या. वाशिष्ठीत कोळकेवाडी धरणाचंही पाणी येतं. पाणी सोडण्याची सूचना आली की तळमजल्याची यादी छापून काकांच्या हातात द्यायची आणि वर नेलेल्या वस्तूवर खूण करून घ्यायची.

ब्लॉक कॉपी केला की त्याचा नंबरही सोबत येतो, म्हणून यादी काढल्यावर दुबार नंबर तपासायलाच हवेत. एक नंबर किती वेळा आला हे मोजणारं एक्सेलचं काउंटइफ पुरेसं आहे. ब्लॉक एक्स्प्लोड मात्र (म्हणजे फोडून सुट्या रेषा) कुणालाही करू देऊ नका. केला की भरलेली माहिती जाते आणि तिच्या जागी नुसतं रकान्याचं नाव उरतं. फोडणं भागच असेल तर ऑटोकॅडच्या एक्स्प्रेस टूल्स या जादा कमांडमधलं बर्स्ट वापरा, त्यात अक्षरं टिकतात.

बरेच नंबर एकदम बदलायचे असतील तर ॲटआउट आणि ॲटइन या दोन कमांड वापरा. माहिती टेक्स्ट फाइलमध्ये बाहेर येते, एक्सेलमध्ये बदलायची, टॅबवाली टेक्स्ट फाइल म्हणूनच सेव्ह करायची आणि परत आत घ्यायची. पहिल्या रकान्यातल्या हँडलला (ऑटोकॅडने स्वतः दिलेल्या ओळखक्रमांकाला) हात लावायचा नाही, कारण ब्लॉक त्यावरूनच ओळखला जातो. तेच फर्निचर दुसऱ्या ड्रॉइंगमध्ये पेस्ट केलं की हँडल बदलतात, मग जुनी फाइल तिथे चालत नाही.

एकाच खोलीतलं ऑफिस असेल तर एवढा खटाटोप करू नये, साधी एक्सेल शीट पुरे. दोन मजले असतील आणि सामान वरचेवर हलत असेल, तर ब्लॉक तयार करण्यात गेलेला वेळ पहिल्याच पावसाळ्यात वसूल होतो. सुरुवात कपाटांपासून करा. दमट हवेत लोखंडी कपाटंच आधी गंजतात, बदलली जातात, आणि नंबराचे गोंधळ तिथेच जास्त असतात.