मरळीसाठी रॉड, रीळ आणि रबरी बेडूक: उन्हाळा ते धानकापणी वापरून झाल्यावर

उन्हाळ्याच्या तोंडी ऑनलाईन मागवला होता हा मरळ मासा धरायचा सेट. सात फुटी रॉड, तीन हजार साईजची रीळ, तीस पौंड ताण झेलणारी विणलेली दोरी आणि सोबत आमिष म्हणून रबरी बेडूक, सगळं मिळून अडीच हजाराच्या आसपास. आता धान कापून झाले, मधे पावसाळ्यात बंद ठेवला होता (काऊन ते खाली लिहितो), बाकी सतत वापरात आहे. आम्ही भंडारा जिल्ह्यातले, इकडे गावोगावी मालगुजारी (जुन्या जमीनदारांनी बांधलेले) तलाव आणि शेतातल्या बोड्या (छोटी तळी), त्यामुळे हा अनुभव तसल्या पाण्याचा समजा, नदी-धरणाचा नाही.

डब्यावर चित्र पाईक माशाचं आहे. तो युरोप-अमेरिकेतल्या थंड पाण्यातला मासा, आपल्याकडे नाही, पण शिकार करायची पद्धत मरळीसारखीच, गवतात दबा धरून बसायचं आणि जवळून काही सरकलं की झडप घालायची. म्हणून त्याच्यासाठीचं सामान इकडे चालून जातं. फक्त सोबत जो स्टीलच्या तारेचा तुकडा येतो तो काढून ठेवा. पाईकचे दात दोरी कापतात म्हणून ती तार असते, मरळीलेही दात आहेत पण विणलेली दोरी तिच्यापुढे टिकते, आणि तार लावली की बेडकाचं तोंड पाण्यात बुडतं. मासा निघाला की शेवटची हातभर दोरी बोटानं चाचपायची, खरबरीत लागली तर तेवढी कापून नवी गाठ मारायची.

आता बेडूक. या सेटमधली खरी कामाची वस्तू हीच. दोन्ही गरी (गळ) पाठीला चिकटून वर वळलेल्या असतात त्यामुळे कमळाची पानं, शिंगाड्याचा वेल, काठची बेशरमची झुडपं, कशातही टाका, अडकत नाही. मरळीनं तोंडात दाबला की रबर चेपतं आणि गरी बाहेर येते. आमच्याकडे आधी जिवंत बेडूक गरीले लावायचे, मले ते कधीच पटलं नाही, बेडूक धानावरचे किडे खातो, आपल्या शेताचा राखणदार आहे तो. 1987 मधे देशानं बेडकांच्या तंगड्यांची निर्यात बंद केली ती उगाच नाही. रबरी मिळतो तर जिवंत कशाले मारायचा.

वापरायची रीत अशी. मरळ हवा घ्यायले वर येतेच येते, नुसत्या कल्ल्यावर तिचं भागत नाही. सकाळी पाळीवर (तलावाच्या बांधावर) शांत उभं राहिलं की भुडूक आवाज येतो न गोल लाट उठते, त्याच्या चार-पाच हात पुढं बेडूक टाकायचा आणि थांबत थांबत त्या जागेवरून ओढायचा. झडप पडली की लगेच हिसका देऊ नका. आमच्या गावचे एक ढिवर (मासेमार समाजातले) काका सांगतात, "बाबू, घाई नोको करू, तिले तोंडात घेऊ दे." दोन सेकंद थांबून दोरीवर वजन आलं की मग जोरात ओढायचं आणि गवतात घुसू द्यायचं नाही.

तक्रारी आहेत. रॉडच्या टोकाची कडी दोन-तीन महिन्यांत निघाली, चिकटवून घेतली, अजून टिकून आहे. रिळेचं हँडल ढिलं होतं, गाळाचं पाणी आत गेलं की करकर करते, घरी आलं की ओल्या फडक्यानं पुसून थेंबभर मशीनचं तेल द्यावंच लागतं. बेडकांची रबर दातांनी फाटते, पाणी भरतं, दर वेळी टाकायच्या आधी पिळावं लागतं. गरी गंजतात. दोरीचा हिरवा रंग उडाला पण मजबुती तशीच आहे. माझ्या मते रॉड न दोरी पैसावसूल, रीळ मात्र वेगळी चांगली घ्या.

पावसाळ्याचं. जून ते ऑगस्टमधे मरळ अंडी घालते न पिलं वाढवते. पाण्यावर लालसर पिलांचा थवा वळवळताना दिसला की खाली आई-बाप राखणीले असतात आणि जवळ येईल त्याच्यावर तुटून पडतात, भूक असो नसो. तेव्हा बेडूक टाकला की मरळ हमखास मिळते. आणि ती काढली की पिलं बाकीचे मासे खाऊन टाकतात. म्हणून तेव्हा रॉड खुंटीले. कृपया तुम्हीही ठेवा. तलाव मच्छीमार संस्थेले ठेक्यानं दिलेला असतो, त्यांना विचारूनच बसा, आणि अभयारण्याच्या हद्दीतल्या पाण्यात गरी टाकायचीच नाही.

शिजवायचं. मरळ फार बुळबुळीत, चुलीची राख लावून घासली की हातात धरता येते, मग खवले काढा. दोन बोटं जाड तुकडे, मीठ-हळद लावून अर्धा तास. कांदा आणि सुकं खोबरं चुलीत भाजून, खसखस, धने, आलं-लसूण, भिवापुरी मिरची, हे सगळं पाट्यावर वाटायचं. जवसाच्या तेलात मसाला तेल सुटेपर्यंत परतायचा, इथं घाई केली तर रस्सा कच्चट लागतो. मग पाणी, चिंचेचा कोळ, खळखळ उकळी आली की तुकडे सोडायचे. चमचा घालू नका, गंज (पातेलं) फडक्यानं धरून हलवा. दहा-बारा मिनिटं पुरतात, वरून सांबार (कोथिंबीर). डोकंही त्यातच टाका, रस्स्याले चव त्यानं येते. पाईकच्या मांसात म्हणे इंग्रजी वाय अक्षरासारखे बारीक काटे असतात, मरळीले मधला काटा सोडला तर फारसं काही नाही, आमच्या घरी पोट्टे स्वतःच्या हातानं खातात. शेपटीकडचे तुकडे तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर तळा, ते रस्स्यात घालू नका, पातळ असतात, लवकर सुटतात.